फुकटची काजळी

वास आधी आला. दार नंतर उघडलं, आणि बाई त्याच्याही नंतर दिसल्या. लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या त्या लाल विटांच्या घरासमोर आम्ही तिघं बॅगा घेऊन उभे होतो. पप्पांनी बेल दाबलेली, आणि दाराच्या फटीतून जे काही बाहेर येत होतं त्याने आईने ओढणी नाकाला लावली. ओल्या मोज्यात कुणीतरी दही विरजायला ठेवलंय आणि विसरून गावाला गेलंय, असा वास. "काहीतरी मेलंय आत," आई म्हणाली. पप्पा म्हणाले, "अगं, चीज असेल. स्विस आहेत त्या." आई म्हणाली, "चीज मला नका शिकवू. ते चौकोनी असतं आणि त्याला वास नसतो. हे मेलंय." तेवढ्यात दार उघडलं आणि मिसेस ब्रुनर नावाची उंच, सरळ, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली आणि तिने आईच्या गालांना गाल लावून मुके घेतले. एक डावीकडे, एक उजवीकडे, परत एक डावीकडे. त्यांच्यात तीनच घेतात, दोन घेतले तर अपुरं वाटतं. आमच्या करमाळ्यात नवरासुद्धा चारचौघांत बायकोच्या बाजूला बसत नाही, तिथली माझी आई विजेच्या खांबासारखी उभी राहिली. तिसरा मुका आला तेव्हा ती पळायच्या बेतात होती, म्हणून तो कानात गेला. त्या दिवशी आईने कान साबणाने धुतला, वर डेटॉलही लावलं.

मी हे लिहितेय असं कळल्यावर आई परवा फोनवर म्हणाली, "चाळिशी तरी येऊ दे की, मग लिही आत्मचरित्र." पण चाळिशीपर्यंत तो वास माझ्या नाकात राहील याची काय गॅरंटी? आत्ता आहे. आत्ता मी स्लाऊला माझ्या स्वतःच्या किचनमध्ये बसलेय, गॅसवर आमटी आहे, आणि तरी तो येतोय.

तर बाई खाली राहायच्या आणि आम्ही वर. पुढचं दार एक, जिना एक, मागची बाग एक. मी त्यांना बाई म्हणायला लागले कारण त्या डिट्टो आमच्या शाळेतल्या बाईंसारख्या होत्या, फक्त हातात पट्टी नव्हती. नियम मात्र होते. रविवारी वॉशिंग मशीन लावायचं नाही. रविवारी व्हॅक्यूम फिरवायचा नाही. रात्री उशिरा फ्लश करायचा नाही, कारण पाईप त्यांच्या बेडरूमच्या भिंतीतून जायचा. बिचाऱ्या पप्पांचं पोट पहिला महिनाभर इथल्या पाण्याशी भांडत होतं, त्यांनी त्या महिन्यात काय सोसलं ते मी लिहीत नाही, त्यांना मान आहे ऑफिसात. कचऱ्याचे डबे वेगवेगळे, आणि डब्यात टाकायच्या आधी कचरा धुवायचा. दह्याचा डबा धुवायचा, टूथपेस्टची ट्यूब कापून आतून धुवायची. "कचरा धुतात?" आई विचारायची. "मग फेकतात कशाला, वापरा की." आणि सगळ्यांत मोठा नियम, जो बाई जिन्यात, बागेत, आमच्या किचनच्या दारात उभ्या राहून सांगायच्या: "सांडलं की आत्ता पुसायचं. नंतर नाही. ओडर?"

हे 'ओडर' म्हणजे त्यांच्या भाषेत 'हो ना?' पण त्यात प्रश्न नसायचा. बाईंचं वाक्य जिना चढल्यासारखं वर वर जायचं, शेवटच्या पायरीवर थांबून खाली आपल्याकडे बघायचं, आणि मग वरून 'ओडर' टाकायचं, कुंडी टाकल्यासारखं. मला हे दुसऱ्याच दिवशी जमलं. नकला करायची खोड मला लहानपणापासून. करमाळ्याच्या एसटी स्टँडवरचा अनाऊन्सर, आमचे हेडमास्तर, शेजारच्या काकूंचा कुकर, तिन्ही मी एका दमात करायचे. इथे आल्यावर रोज संध्याकाळी जेवताना मी बाई करायचे. पाठ सरळ, हनुवटी वर, हात पोटावर बांधलेले. "मिस्टर शिंदे, तुमचे बूट जिन्यात बोलतात. बूट बोलत नाहीत, ओडर?" आई तोंडात घास धरून हसायची आणि खाली बोट दाखवायची, हळू, ऐकू जाईल. पप्पा हसायचे नाहीत. पप्पा म्हणायचे, "या बाईने आपल्याला घर दिलंय. बाकीच्यांनी नाव ऐकून फोन ठेवले होते. लक्षात ठेव."

पप्पांचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच आम्ही बाईंनी बोलावलं की जायचो, आणि त्या वाढतील ते खायचो. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा त्यांनी त्यांच्या डोंगरातल्या गुराख्यांचं जेवण केलं होतं. मॅकरोनी, त्यात उकडलेले बटाटे, त्यात साय, त्यात ते चीज, वर तळलेला कांदा. इथपर्यंत ठीक आहे, गरिबी कुठेही असते. पण त्याच्या बाजूला वाटीत सफरचंदाचा गोड लगदा, आणि तो प्रत्येक घासाला लावून खायचा. मी लावला. लहान बाळाने खाल्लेलं परत काढावं आणि ते कुणीतरी गरम करून आणावं, तसं ते जिभेवर बसलं. हलेना. आई तोंड न उघडता हसत होती, म्हणजे घास अजून गिळलेला नव्हता. पप्पा म्हणाले, "व्हेरी नाइस, व्हेरी टेस्टी," म्हणून बाईंनी त्यांना परत वाढलं. मला अजिबात दया आली नाही.

त्यापेक्षा वाईट म्हणजे ते फाँड्यू. मधोमध एक मातीचं भांडं, खाली दिवा, आत वितळलेलं चीज बुडबुडे काढतंय, दलदलीसारखं. प्रत्येकाच्या हातात लांब काटा. काट्याला पावाचा तुकडा टोचायचा, भांड्यात बुडवायचा, तोंडात घालायचा, आणि तोच काटा परत भांड्यात. आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आमच्या घरात पाण्याच्या तांब्यालासुद्धा तोंड लावत नाहीत, वरून पितात. इथे चार जणांचं उष्टं एका भांड्यात उकळत होतं आणि बाई सांगत होत्या की यातच खरी मजा आहे, सगळे एक होतात. मी म्हटलं, झालोच की. एवढंच की शेवटी भांड्याच्या तळाला चीज करपून चिकटतं, ते बाईंनी सुरीने खरवडून काढलं आणि सगळ्यांना तुकडा तुकडा दिला. त्यांच्यात म्हणे त्यासाठी भांडणं होतात. आईने घाबरत तो तुकडा तोंडात टाकला आणि थांबली. "खरवड," ती मला हळूच म्हणाली. दुधाच्या पातेल्याच्या तळाची असते ना, तशीच. तो एक तुकडा आईने मागून घेतला. त्या घरातलं तेवढं एकच तिने मनापासून खाल्लं.

एकतर्फी लिहीत नाही. किळस वरून खालीही जायची. आईने फोडणीत हिंग टाकला की खाली बाईंच्या खिडक्या धडाधड उघडायच्या, थंडी असली तरी. एकदा आईने सुकट भाजली. बाई वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि फार काळजीने म्हणाल्या, "मिसेस शिंदे, सिंकमध्ये काही अडकलंय का? मी प्लंबरला बोलावते." आम्ही हाताने जेवताना त्या छताकडे बघायच्या. माझ्या केसांतलं तेल त्यांच्या सोफ्याला लागलं तेव्हा सोफ्यावर कायमचा टॉवेल आला, आणि तो टॉवेल फक्त मी बसायचे त्या जागी.

तरी एक दिवस मला बाई आवडल्या होत्या. एक ऑगस्टला त्यांच्या देशाचा सण असतो. त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून त्यांचा गावाकडचा पोशाख काढला आणि मागचे हुक लावायला मला खाली बोलावलं. काळ्या मखमलीची घट्ट चोळी, त्यावरून चांदीच्या साखळ्या खांद्यापासून कंबरेपर्यंत, कांजी केलेल्या पांढऱ्या फुगीर बाह्या, आणि पुढे रेशमी एप्रन. ते एप्रन निळं म्हणावं तर हलल्यावर हिरवं दिसायचं, धूपछाव. त्यांच्या आईचं होतं. मी साखळ्यांना हात लावला, त्या काही बोलल्या नाहीत. एप्रनकडे हात गेला तसा त्यांनी तो मधेच अडवला. "हात धुतलेस?" मी धुवून आले. तरी नाही लावू दिला. आई जिन्यातून बघत होती. "पैठणीचा पदर आहे गं," ती म्हणाली, आणि मग मोडक्या इंग्लिशमध्ये बाईंना विचारलं की हे तुम्ही धुता कसं? बाई म्हणाल्या, धुवत नाही, कधी डागच पडू दिला नाही. आईने मान हलवली. त्या मान हलवण्यात आदर होता, चीजबद्दलचं सगळं विसरून.

आता मला करमाळ्याबद्दल थोडं सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी काळी आहे. सावळी वगैरे नाही, ते लग्नाच्या बायोडेटात लिहितात. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी नाटक असायचं, आणि दरवर्षी त्यात राक्षस असायचा, आणि दरवर्षी तो मी असायचे. नक्कल मी चांगली करते म्हणून नाही. आमच्या बाई सगळ्यांसमोर सांगायच्या, "हिचं काम सोपं. रंग वाचतो." सगळे हसायचे, मी सगळ्यांत मोठ्याने हसायचे आणि वर राक्षसाचं हसू करून दाखवायचे, म्हणजे जोक माझा व्हायचा. घरी आई बेसन-दूध लावायची. मग ते ट्यूबमधलं गोरं करणारं क्रीम आलं. वॉटफर्डला येताना आईच्या बॅगेत मसाल्याच्या पुड्यांच्या खालोखाल त्याच ट्यूबा होत्या. आणि इथे आल्यावर काय झालं, तर सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे इथल्या अकरावीत, ड्रामाच्या सरांनी माझ्या नकला ऐकून मला वकिलाचं काम दिलं. स्प्रिंगमध्ये नाटक होतं. काळा कोट घालून कोर्टात उभं राहायचं, दोन पानांचं भाषण. मी सरांना विचारलं, राक्षस कोण आहे? ते म्हणाले, यात राक्षस नाहीये. मी ते वाक्य घरी येताना बसमध्ये त्यांच्या आवाजात कितीदा म्हटलं असेल.

पण वर एक टांगती तलवार होती. जानेवारीअखेर घराचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि बाई म्हणाल्या होत्या की पुढचं ख्रिसमसच्या सुमाराला सांगेन. पप्पांनी दुसरीकडे बघून ठेवलं होतं, कुठे जमत नव्हतं. शेवटी त्यांनी जेवताना सांगून टाकलं, "नाही झालं तर तुम्ही दोघी करमाळ्याला जा. मी इथे कुणाबरोबर शेअरिंगमध्ये राहीन." आई पोळी लाटत राहिली. मला एकदम गॅदरिंगचं स्टेज दिसलं.

आणि नोव्हेंबरअखेर बाई वर आल्या. हात पोटावर, हनुवटी वर. त्यांच्या स्विस मंडळाचा कार्यक्रम होता, चर्चच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. त्यांच्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सामिक्लाउस येतो, लाल कपड्यातला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. पोरांनी त्याच्यासमोर एक एक कविता म्हणायची, मग तो शेंगदाणे, अक्रोड, संत्री देतो. आणि त्याच्याबरोबर श्मुट्झली येतो. हा त्याचा नोकर. काळा झगा, डोक्यावर टोपडं, हातात काटक्यांचा फोक, पाठीवर पोतं. वात्रट पोरांना फोक दाखवायचा आणि पोत्यात घालून जंगलात नेईन अशी भीती घालायची. बोलायचं एक अक्षरही नाही. आणि तोंड काजळीने काळं केलेलं असतं. दरवर्षी हे काम करणाऱ्या गृहस्थांची पाठ धरली होती. "तू उंच आहेस," बाई मला म्हणाल्या, "तुला नाटक येतं." मी खूश झाले होते, खोटं कशाला बोलू. मग त्या पुढे म्हणाल्या, अगदी सरळ, बिल कमी आल्याचं सांगावं तसं, "आणि तुला काजळीची गरज नाही. नंतर पुसापुशी नाही. किती सोपं, ओडर?"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, "शुअर, शुअर. शी विल बी व्हेरी हॅपी."

बाई जिना उतरून गेल्यावर पप्पा आईकडे न बघता म्हणाले, "एक दुपार तर आहे. जानेवारी डोक्यावर आलाय. ती म्हणेल ते करायचं." आईच्या हातातलं लाटणं थांबलं होतं. "तिला काय वाटतं," आई म्हणाली, "माझी पोरगी म्हणजे फुकटची काजळी?" पप्पा म्हणाले, "तिच्या मनात तसं काही नसतं गं." आई म्हणाली, "मनात नसतं म्हणूनच तोंडावर येतं." मी मधे पडून बाईंचा आवाज काढला, "मिसेस शिंदे, लाटणं बोलतंय," पण त्या दिवशी कुणीच हसलं नाही.

मला वाटलं विषय संपला. पण आईचा राग कुठून कसा निघेल ते सांगता येत नाही. रविवारी मी झगा घालून तयार झाले तर तिने मला बाथरूममध्ये ओढलं, कमोडच्या झाकणावर बसवलं, आणि ती क्रीमची ट्यूब उघडली. "आई, काय करतेस? श्मुट्झली काळा असतो." "असू दे. माझी नसते." तिने चेहऱ्यावर क्रीमचा थर दिला, कान सोडले नाहीत, मान सोडली नाही. त्यावर टाल्कम पावडर. थापून थापून, जसं थालीपीठ थापतात. तो गुलाबाचा वास, खालून येणारा चीजचा वास, दोन्ही एकमेकांत मिसळले. आरशात बघितलं तर पिठाच्या डब्यात पडून परत चढून आलेली पाल. आई मागे उभी राहून म्हणाली, "आता बघू दे तिला." तिचे डोळे भरले होते.  आजही आईला हे आठवत नाही. ती म्हणते, मी फक्त पावडर लावली होती, थोडीशी, थंडीने गाल फुटतात म्हणून.

गाडीत बाई पुढच्या सीटवर होत्या, पूर्ण पोशाखात, मांडीवर रुमाल आणि रुमालाखाली ते एप्रन. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "तुला बरं नाही का?" त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "शी इज फाइन."

हॉलमध्ये शिरल्याशिरल्या नाकाने हार मानली. एका टेबलावर चीजचं अर्धं चाक तापलेल्या विजेच्या सळीखाली ठेवलेलं, वरचा थर वितळला की सुरीने ओढून बटाट्यावर पाडायचा. त्याचा आवाजही ऐकू यायचा, शिंकरल्यासारखा. सामिक्लाउस झाले होते हाइन्झ नावाचे रिटायर्ड डेंटिस्ट, गोड म्हातारा, दाढीतून त्यांचा घाम ओघळत होता. मी पोतं घेऊन त्यांच्या बाजूला उभी, माझ्या दुसऱ्या बाजूला बाई, कारण पोरांची नावं त्यांनाच माहीत. आई-पप्पा भिंतीला, पप्पांच्या हातात बटाट्याची प्लेट. पोरं एक एक करून पुढे येत होती, कविता म्हणत होती, माझ्याकडे तिरकं बघत होती. मी फोक हलवायचे, ती पळायची. सांगायला हरकत नाही, मला मजा यायला लागली होती. एक अक्षर न बोलता मी पोतं खाली ठेवायचे, त्यात बघायचे, जागा आहे का असं. हॉल हसत होता.

मग लिओनी आली. पाच-सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, हातावर बटाट्याचं चीज. ती कविता विसरली. विसरली म्हणून घाबरली नाही, उलट माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि डोळे बारीक करून माझं तोंड बघायला लागली. मी खाली वाकले, घाबरवायला. तिने अंगठा तोंडात घातला, चांगला ओला केला, आणि माझ्या गालावर जोरात घासला. कोमट, चिकट, चीजचा वास असलेली थुंकी गालावर पसरली. ती अंगठ्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "याचं पांढरं निघतंय." मग परत थुंकी, परत घासलं. आणि आनंदाने सगळ्या हॉलकडे वळून, "आतून खरा आहे. खरा श्मुट्झली आहे."

हॉल हसला. मनापासून, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसा. कुणाच्या डोक्यात काही वाईट नसणार. हाइन्झची दाढी हलत होती. पप्पाही हसले, म्हणजे तोंड तसं केलं. आई हसली नाही. आणि मला करमाळ्याच्या स्टेजवर यायचं तेच माझं मोठं हसू आतून वर येताना कळलं, राक्षसाचं, जोक माझा करून टाकणारं. घशापर्यंत आलं आणि तिथेच आंबट झालं. सगळ्याचीच किळस आली मला एकदम. गालावरच्या थुंकीची, गुलाबाच्या वासाची, त्या चीजची, पप्पांच्या प्लेटची, आणि आईने थापलेल्या त्या पांढऱ्याची तर सगळ्यांत जास्त. हे तोंडावरून निघालं पाहिजे एवढंच डोक्यात होतं. आजूबाजूला रुमाल नव्हता. झगा खरखरीत. बाजूला बाई उभ्या होत्या.

मी वाकले, त्यांच्या एप्रनचं टोक दोन्ही हातांनी धरलं, आणि त्यात तोंड पुसलं. घाईघाईने नाही. कपाळ, नाक, दोन्ही गाल, कान, मान. रेशीम थंडगार होतं. आईने मान सोडली नव्हती, म्हणून मीही सोडली नाही. मग सरळ उभी राहिले, पाठ ताठ, हनुवटी वर, हात पोटावर बांधले, आणि जो बोलायचाच नसतो तो श्मुट्झली बाईंच्या आवाजात बोलला, "सांडलं की आत्ता पुसायचं. नंतर नाही. ओडर?"

सगळ्यांत आधी हाइन्झना हसू फुटलं. दाढी हातात आली त्यांच्या. मग मागची रांग. तो आवाज त्या हॉलमध्ये प्रत्येकाला माहीत होता, प्रत्येकाच्या घरात तसली एक मावशी किंवा सासू असणार. बाई हसल्या नाहीत. त्या एप्रनकडे बघत होत्या. निळ्या-हिरव्यावर मधोमध पांढरट, तेलकट, माझ्या तोंडाच्या आकाराचा डाग होता, नाकसुद्धा ओळखू येत होतं. त्यांनी बाहीतून रुमाल काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, पुसायला सुरुवात केली. पुसल्याने तो पसरला.

 घरी आल्यावर आई वर न येता बाईंच्या दारात थांबली. "द्या माझ्याकडे," ती म्हणाली, "रिठ्याच्या पाण्याने निघेल. आत्ताच धुतलं तर निघेल." बाई म्हणाल्या, "आज रविवार आहे," आणि दार लावलं. पप्पा वर आले, बूट काढले, आणि करमाळ्याच्या शाळेत मधेच ॲडमिशन मिळते का ते कुणाला विचारता येईल, एवढंच म्हणाले. माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आई बाथरूममध्ये गेली, खडखड वाजवलं, खाली बागेत जाऊन आली.

सकाळी बेल वाजली. वरची बेल, जी बाई फक्त मोठ्या कामाला वाजवायच्या. पप्पांनी टाय अर्धवट सोडून शर्टाची बटणं लावली, निकाल ऐकायला नीट कपडे हवेत तशी. आई दारात, मी तिच्या मागे. बाई हातात रबरी मोजे घालून उभ्या होत्या आणि मोज्यांत क्रीमच्या ट्यूबा होत्या. सगळ्या. उघडलेल्या, न उघडलेल्या, पिळलेल्या.

"मिसेस शिंदे," बाई म्हणाल्या, "या तुम्ही काळ्या डब्यात टाकल्या. हे प्लास्टिक आहे. आधी कापायचं, धुवायचं, मग हिरव्या डब्यात."

आईने ट्यूबांकडे बघितलं. मग बाईंकडे. "नो," आई म्हणाली.

बाईंना हा शब्द आमच्या घरातून पहिल्यांदाच ऐकू आला असणार. "नो?"

"धुणार नाही," आई म्हणाली, आणि पुढचं तिने मराठीतच सांगितलं, मी इंग्लिश करून देत होते. "कालपर्यंत पोरीच्या तोंडाला लावलं. आता कळलं घाण आहे ती. घाण धुवून कुणी ठेवत नाही. घाणीतच जाऊ दे."

मी शेवटचं वाक्य सांगताना नक्कल केली नाही, माझ्याच आवाजात सांगितलं. बाई ऐकत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, धुतलेलं, तेलाशिवाय काही न लावलेलं.  मग त्या वळल्या, जिना उतरल्या, आणि मी खिडकीतून बघितलं तर बागेत काळ्या डब्याचं झाकण त्यांनी स्वतः उचललं आणि एक एक ट्यूब आत टाकली. न धुता. मोजे झटकले. मग वर बघितलं, मला खिडकीत बघितलं, आणि तिथूनच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "फेब्रुवारीपासून प्लास्टिक मंगळवारी नेणार आहेत. सोमवारी नाही. विसरायचं नाही." ओडर म्हणाल्या नाहीत.

पप्पा किचनमधून धावत आले. "काय म्हणाली? फेब्रुवारी म्हणाली?"

"फेब्रुवारी म्हणाली," मी म्हणाले.

"नक्की? फेब्रुवारी?" पप्पा तिथेच खुर्चीवर बसले, टाय गळ्यात लोंबत होता. खालून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग थोड्या वेळाने जिन्यातून तो वास वर चढायला लागला, ओल्या मोज्यांचा, विसरलेल्या दह्याचा. आईने ओढणी नाकाला लावली.

"हिंगाची डबी दे गं इकडे," ती म्हणाली. "सकाळी सकाळीच तापवायला घेतलं मेलीने."